आरोहीचं वय अकरा बाजार

'मी चुकलो' हे वाक्य मी एकाहत्तर वर्षांत एकदाच बोललोय, आणि तेही भर बाजारात. त्याचं कसं झालं ते मीच सांगतो. दुसऱ्यानं सांगितलं की त्यात तिखटमीठ पडतं, आणि मला ते खपत नाही.

माझं नाव महालिंगप्पा. आम्ही जंगम. गाव मला स्वामी म्हणतं, घरचे आप्पा म्हणतात. सास्तूरहून मोटारसायकलनं वीस मिनिटांवर आमचं गाव. गेली चाळीस वर्षं गावाला पंचांग मी सांगतो. लग्नाची तारीख, विहिरीचा मुहूर्त, बारशाचं अक्षर, सगळं आमच्या ओसरीवरून जातं. मोबाइल आला, त्यात तिथी दिसायला लागली, तरी लोक मोबाइल हातात घेऊनच माझ्याकडं येतात आणि विचारतात, "स्वामी, हे बराबर हाय का?" याचा मला गर्व होता. थोडाथोडका नाही, चांगला पोतंभर होता.

माझी सून राजेश्वरी गावची आशाताई. गरोदर बायकांना दवाखान्यात नेणं, लेकरांना वेळेवर लस टोचून घेणं, औषधगोळ्या पोचवणं ही तिची कामं. बारा वर्षं झाली. ती कामाला लागली तेव्हा मी म्हणालो होतो, दारोदार हिंडायचं हे कसलं काम! तिनं मुकाट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी चपला घालून निघून गेली. तेव्हापासून आमच्या घरात तारखा सांगणारी दोन माणसं झाली. ती इंग्रजी तारखेवर चालायची, मी तिथीवर. आमचं कधी वाजलं नाही, कारण तिच्या कामाकडं मी कधी धड पाहिलंच नव्हतं.

यंदा ज्येष्ठात धोंडा आला. दर अडीच-तीन वर्षांनी पंचांगात एक महिना जास्तीचा येतो. पुस्तकात त्याला अधिक मास म्हणतात, आमच्याकडं धोंड्याचा महिना. त्यात लग्न नाही, वास्तुशांत नाही. जावई तेवढे सासुरवाडीला जाऊन पुरणाचे धोंडे खातात आणि सुस्त होऊन परत येतात. 'धोंडा धरत नाहीत', म्हणजे हिशेबात घेत नाहीत, असं आम्ही सगळेच सरसकट बोलतो. हेच वाक्य मला भोवलं.

धोंड्यातच एका सकाळी द्वारकाबाई ओसरीवर आली. आमच्या मागच्या गल्लीतली, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. तिची नात आरोही हनुमान जयंतीला जन्मली होती, गुरुवारी. जन्मली तेव्हा पोरगी दोन किलोची, मुठीत मावेल एवढी. द्वारकाबाई तिला वाऱ्यालासुद्धा लागू देत नव्हती, आणि मला विचारल्याशिवाय तिची कानटोपीही बदलत नव्हती.

"स्वामी, तुमची सून म्हणती, येत्या गुरुवारी आरोहीला अडीच म्हैन्याची लस टोचायची. पोरगी अडीच म्हैन्याची झाली का वो?"

मी पंचांग उघडलंसुद्धा नाही. बोटांवर मोजलं. चैत्राच्या पौर्णिमेपासून वैशाखाच्या पौर्णिमेपर्यंत एक. वैशाखाच्या अमावास्येला दीड. पुढं धोंडा.

"धोंडा धरत न्हाईत, द्वारकाबाई. आरोही अजून दीडच म्हैन्याची."

"अन् दीड म्हैन्याची लस तर मागल्या बारीलाच झाली. मंग परत कशाला टोचायची?"

"तेच की."

एवढं बोलून मी दाढी करायला बसलो. विषय संपला असं मला वाटलं. पण द्वारकाबाई ओसरीवरून उठली ती थेट पाण्याच्या टाकीवर गेली, आणि तिथं गावातल्या निम्म्या बायका होत्या.

आमच्या गावचा बाजार गुरुवारी भरतो. महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी अंगणवाडीत लसीकरण असतं. वस्त्यांवरच्या बायका बाजाराला येतात, त्या लेकरंही टोचून नेतात. त्या गुरुवारी राजेश्वरी नेहमीसारखी सकाळी लवकर गेली आणि दुपारी तीनला परत आली. आल्या आल्या पाणी पिते, ते प्यायली नाही. माझ्यासमोर खाली बसली आणि तिनं वही उघडली.

"अकरा लेकरं यायची होती, आप्पा. दोन आली."

"मग बाकीच्यांला काय झालं?"

"एक शेखांच्या घरचं आलं, एक अंगणवाडीच्या मदतनीसबाईचा नातू आला. बाकीच्या नऊ घरी मी जाऊन आले. नऊ घरी एकच उत्तर. स्वामींनी सांगितलंय, धोंडा धरत न्हाईत."

वहीत नऊ नावांपुढं जागा कोरी होती. पहिलं नाव आरोहीचं.

"म्या निस्त्या आरोहीचं सांगितलं," मी म्हणालो.

"ते सांगितलं तेच चुकीचं सांगितलं."

माझं टाळकं सणकलं. माझ्या ओसरीवर, माझ्या सुनेनं, मला पंचांग चुकलं म्हणावं! मी आवाज चढवला. "पंचांग म्या छापलं न्हाय! बापजाद्यापासून धोंडा धरत न्हाईत. तुझी सुई आली बारा वर्सांखाली!"

ती घाबरली नाही. वही मिटून शांतपणे म्हणाली, "द्वारकाकाकूची सून पोटुशी असताना धोंडा आला असता, तर तिचा नववा म्हैना थांबला असता का, आप्पा? बाळंतपण एक म्हैना पुढं गेलं असतं का?"

मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. चाळीस वर्षं पंचांग सांगणाऱ्या माणसाला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

"लेकरू धोंड्यात दूध पितं," ती पुढं म्हणाली. "धोंड्यात वाढतं. धोंड्यात आजारी बी पडतं. पहिल्या डोसानं अंगाला रोगाची निस्ती वळख होती. दुसऱ्या-तिसऱ्यानं खरं बळ येतं. मधी जेवढे दिस जास्ती जातील, तेवढे दिस लेकरू उघड्यावर. अन् आरोही तर आधीच किती बारीक हाय." मग तिनं मिटलेल्या वहीवर हात आपटला. "बारा वर्सांत माझ्या गावातलं एकबी लेकरू डोसाचं राहिलं न्हवतं."

ती उठली. जाता जाता सांगितलं, की नर्सबाईला, म्हणजे सिस्टरला, गयावया करून पुढच्या गुरुवारी परत बोलावलंय. "नऊच्या नऊ यायला पायजेत. त्यांला आणणं आता माझ्या हातात न्हाय."

कुणाच्या हातात आहे, ते तिनं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

पुढचे काही दिवस मी घुम्यासारखा बसून काढले. राजेश्वरी रोज घरोघर जात होती, आणि लोक तिला 'स्वामींना विचारून सांगतो' म्हणत होते. मग ते मला विचारायला यायचे. त्या नऊ घरांपैकी युवराज येऊन गेला, सिदूची आई येऊन गेली. मी कुणाला म्हणालो पोथी वाचतोय, कुणाला म्हणालो डोकं दुखतंय. खोटं बोललो. माझ्या सुनेपुढं मला मान खाली घालायची नव्हती, एवढंच त्याचं कारण होतं.

धोंडा संपला. बुधवारी संध्याकाळी माझा मुलगा नंदीश डेअरीवर दूध घालून आला आणि उंबऱ्यावरच थांबला.

"ओढ्यापलीकडच्या वस्तीवर एका लेकराला डांग्या खोकला झालाय. खोकून खोकून निळं पडलं म्हणं. दुपारी सोलापूरला नेलं."

"केवढं लेकरू?" मी विचारलं.

"तीन म्हैन्याचं. आरोहीची राहिली त्याच लशीचा एकच डोस झाला होता म्हणं."

माझ्या पाचावर धारण बसली. ते लेकरू आमच्या गावचं नव्हतं, त्याचा डोस माझ्यामुळं राहिला नव्हता, हे सगळं खरं. पण मला दिसत होती ती मुठीएवढी आरोही. तिला खोकला आला तर तो पेलायला अंगात जागा तरी होती का?

आणि तरीही, लाज वाटते पण सांगतो, माझ्या मनानं पळवाट शोधलीच. आता धोंडा संपलाय. उद्या सकाळी ओसरीवर बसून नुसतं म्हणायचं, 'धोंडा सरला, आता टोचा.' लेकरं येतील, टोचून होतील, आणि माझं पंचांगही शाबूत राहील. वाक्य जिभेवर तयार होतं.

जेवताना राजेश्वरीनं भाकरी वाढली आणि माझ्या तोंडाकडं पाहिलं. बारा वर्षं दारोदार हिंडल्यावर माणसाच्या पोटातलं कळत असावं.

"धोंडा सरला म्हणून सांगितलं तर उद्या लेकरं येतील, आप्पा," ती म्हणाली. "पर तिसऱ्या डोसाला? तुमच्या मोजणीत ती सगळी अजून एक म्हैना मागंच राहतील. अन् तीन वर्सांनी परत धोंडा येईल, तवाची लेकरं परत राहतील."

मी घास खाली ठेवला. "कार्डावर काय लिहिलंय? वाच."

तिनं पिशवीतून एक कोरं कार्ड काढलं. "सहा आठवडे, दहा आठवडे, चौदा आठवडे."

"दीड म्हैना, अडीच म्हैने कुठं लिहिलंय?"

"कुठंच न्हाय. ते आमीच म्हणतो. लोकांला सोपं जावं म्हणून." ती थांबली, आणि गेल्या गुरुवारपासून पहिल्यांदा हसली. "म्हंजे थोडं माझंबी चुकलं."

मी कार्ड हातात घेतलं. आठवडे! चाळीस वर्षं मी महिना, पक्ष, तिथी मोजत आलो. तिथीचा क्षय होतो, तिथीची वृद्धी होते, महिना जास्तीचा येतो. पण वाराचं तसं काही होत नाही. गुरुवारनंतर सातव्या दिवशी गुरुवारच येतो, धोंडा असो की शिमगा असो. आणि आमच्या गावात गुरुवार म्हणजे बाजार. मी तसाच उष्ट्या हातानं बसून राहिलो.

"बाजार भरला की हाक मार," मी राजेश्वरीला म्हणालो.

गुरुवारी अकरा वाजता कपाळाला विभूती लावली, धुतलेला सदरा घातला आणि बाजारात गेलो. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर चढताना गुडघे वाजले. लोकांना वाटलं, स्वामी एखाद्या सप्त्याची वर्गणी मागणार. चारदोघं हळूच मागं सरकली.

"ऐका!" मी ओरडलो. "म्या चुकलो!"

कोथिंबीरवाल्यानं आरोळी अर्ध्यावर सोडली.

"धोंडा लग्नाला धरत न्हाईत. लेकराच्या वयाला धरत्यात. म्या धरत न्हाईत म्हणालो, ती माझी चूक. त्या चुकीपायी नऊ लेकरांची लस राहिली. राजेश्वरी बराबर सांगत होती. म्या न्हाय."

माझे कान तापले होते. मग मागून सिदू ओरडला, "स्वामी, मंग माझ्या लग्नाचा मुहूर्तबी चुकला असंल की!"

"मुहूर्त बराबर होता, सिदू. नवरदेव चुकला."

सगळा बाजार हसला, आणि माझा श्वास मोकळा झाला.

"आता नीट ध्यान द्या. लसीला म्हैना मोजायचा न्हाय, बाजार मोजायचा. लेकरू जलमल्यापासून सहा बाजार झाले की पहिली. दहा झाले की दुसरी. चौदा झाले की तिसरी. धोंड्यात बाजार भरायचा राहतो का?"

"न्हाय!" बायकाच आधी बोलल्या.

युवराजनं हात वर केला. त्याचा मुलगा नऊ जणांतला. "मंग स्वामी, राहिलेली अन् पुढची एकदमच टोचून टाका की. हेलपाटा वाचंल."

याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नसताना बोलायची माझी सवय गेल्या आठवड्यातच मोडली होती. मी अंगणवाडीकडं पाहिलं. राजेश्वरी दारात उभी होती. ती पुढं आली, ओट्यावर न चढता खालूनच बोलली, पण आवाज खणखणीत.

"दोन पाळ्यांचं पाणी एकाच दिशी सोडलं तर पीक दुप्पट येतं का, भाऊ? एका डोसानंतर पुढच्याला कमीत कमी चार बाजार जाऊ द्यायचे. त्याच्या आत न्हाय. अन् उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरू करायचं बी न्हाय. झालेला डोस वाया जात न्हाय. राहिला तिथून पुढं चालायचं. पर वेळेवर आलेलं सगळ्यात चांगलं, कारण खोकला काय तुमची वाट बघत थांबत न्हाय."

युवराजनं मान डोलावली. मी वरून बघत होतो. तिच्याभोवती बायका गोळा झाल्या होत्या, आणि तिला एकेका लेकराचं नाव, वजन, कुठल्या मांडीवर टोचलंय ते तोंडपाठ होतं. मला गावातल्या माणसांच्या राशी पाठ आहेत. हिला माणसं पाठ होती.

एक वाजेपर्यंत आठ लेकरं टोचून झाली. अंगणवाडीत नुसता रडण्याचा कल्ला. आरोही आली नव्हती. सिस्टर म्हणाली, "दोनला मी निघणार, आशाताई. पुढं दुसरं गाव आहे." राजेश्वरी चप्पल शोधायला लागली. मी म्हणालो, "तू थांब. ह्यो माझा हेलपाटा हाय."

द्वारकाबाई घरात आरोहीला मांडीवर घेऊन बसली होती. बाजारातली बातमी माझ्याआधीच तिच्या घरी पोचली होती. तिनं मला बस म्हटलं नाही.

"स्वामी, चाळीस वर्सं तुमाला इचारून पाऊल टाकलं. लेकीचं लग्न, लेकाची हीर, सगळं. आता तुमीच म्हणता चुकलो. मंग आधीचं किती चुकलं असंल?"

मोठी माणसं अशा वेळी एखादी गोष्ट सांगतात, देवाचं नाव घेतात.

"ठाव न्हाय, द्वारकाबाई," मी म्हणालो. "पर हे चुकलं, एवढं ठाव हाय. माझ्यावर इश्वास ठेवू नका. तुमीच मोजा. पोरगी जलमल्यापासून बाजार किती झाले?"

तिनं आरोहीची कानटोपी सारखी केली. मग पुटपुटली, "जलमली त्या दिशी बाजारच होता. त्यो धरायचा का?"

"त्यो धरायचा न्हाय," मी म्हणालो, आणि या खेपेला मनात तीनदा तपासून म्हणालो.

द्वारकाबाईनं अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला. "त्याच्या फुडल्या बाजारात सुनंसाठी डिंक आणला. दुसऱ्याला खोबरं अन् खारीक. तिसऱ्याला पाळण्याची दोरी. चवथ्याला कायबी न्हाय, माझा गुडघा दुखत होता. पाचव्याला अंगडं. सहाव्याला लस टोचली, ताप आला म्हणून बाजार न करताच आले." तिचा अंगठा पुढं सरकत होता. "सातव्याला वाळा. आठव्याला आंबे. नवव्याला धोंड्याची हरबऱ्याची डाळ. धाव्याला..." ती थांबली. दहाव्या बाजारी लस होती, आणि ती पोरीला घेऊन गेली नव्हती. तिचे डोळे भरून आले.

"धाव्याला पुरणात घालायला जायफळ आणलं. अन् आज अकरावा." तिनं वर पाहिलं. "अकरा बाजार झाले की वो पोरीला!"

पंचांग नाही, मोबाइल नाही. एकही बाजार चुकला नव्हता.

ती उठली. आरोहीला दुपट्यात गुंडाळलं आणि माझ्यापुढं चालायला लागली, इतकी भराभर की मला गाठता येईना.

सिस्टर पेटी बंद करतच होती. राजेश्वरीनं आरोहीला घेतलं, वजन केलं. साडेतीन किलो भरली. सिस्टरनं सुई टोचली, आणि त्या एवढ्याशा जिवानं असा काही टाहो फोडला, की बाहेर बाजारातली माणसं वळून बघायला लागली. चांगलं दणकट रडू होतं. द्वारकाबाई रडत होती आणि हसतही होती. राजेश्वरीनं वही काढली आणि आरोहीच्या नावापुढं तारीख लिहिली. पान भरलं. तिनं बोट वरून खाली फिरवत नऊच्या नऊ नावं परत मोजली.

"राजेश्वरी," द्वारकाबाईनं विचारलं, "आता तिसरी कधी गं?"

"आजपासून चार बाजारांनी, काकू. सोळा जुलै. त्या गुरुवारी अंगणवाडीत लस नसती, उपकेंद्रात घेऊन या, मी असते तिथं."

मी द्वारकाबाईच्या शेजारीच उभा होतो, हातभर अंतरावर. तोंड उघडलंही होतं.

"बरं," द्वारकाबाई म्हणाली, आणि पोरीला खांद्यावर घेऊन चालती झाली. हे बरोबर आहे का, असं तिनं मला विचारलं नाही. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्या सुनेचा शब्द तिला पुरला होता, आणि खरं सांगतो, एकाहत्तर वर्षांत माझी छाती एवढी कधी फुगली नव्हती.